शाल नको, समोर माणूस बसवा

सरोजा, तू शांत झालीस असं लोक म्हणताहेत.

तुझ्या भाचीचा, पवित्राचा, फोन आला तेव्हा पोर दोन-तीन शब्दांतच मोकळी झाली. "आंटी, आत्या होदरु." तिला मराठीत सांगता आलं नसतं असं नाही. पण आपल्या म्हैसूरच्या मुलांचं मराठी स्वयंपाकघरापुरतं, घाबरली की ती कन्नडकडेच पळतात. मला तिचं ते 'होदरु' बरं वाटलं. गेली म्हणजे गेली, त्यात शांती-बिंती काही नाही. त्यानंतर मात्र जो भेटतो तो शांतीचंच पालुपद लावतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शस्त्रक्रियेआधी भूल द्यायला आलेल्या डॉक्टरला "मी शुद्धीवर येईन हे तुम्ही अनुमानाने सांगता की अनुभवाने?" असं विचारून तू त्याला घाम फोडला होतास. अशी बाई आता एकाएकी शांत झाली म्हणे! ज्यांनी तुला बोलताना कधी ऐकलंच नाही त्यांनी खुशाल म्हणावं. मी म्हणणार नाही.

काल तुझी शोकसभा झाली. तिथे काय घडलं ते तुला सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले. पण क्रमाने सांगते. मधूनच सुरुवात केली की तू "बुडापासून सांग की ग" म्हणायचीस.

बूड म्हणजे विद्यापीठातली ती कचेरी. संस्कृतच्या एम.ए.ला नाव घालायला आपण दोघी एकाच दिवशी आलो होतो. मी हेडमास्तरांची मुलगी, पिढ्या म्हैसुरात काढूनही 'आम्ही मूळचे साताऱ्याकडचे' हे पाहुण्याला चहाच्या आधी सांगणाऱ्या घरातली. तू लष्कर मोहल्ल्यातली. तुझे पणजोबा जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, आणि तुझे अप्पा पत्र्याच्या ट्रंका करायचे. कारकुनाने वर न बघताच सांगितलं, "हुडुगीरु काव्य तगोतारम्मा." मुली काव्यच घेतात, बाई. तू म्हणालीस, "ज्या घेतात त्यांना द्या. मला तर्कशास्त्र लिहा." त्याने मान वर केली, तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची मुलगी?"

तू अप्पांचं नाव सांगितलंस, वर "मोहल्ल्यात ट्रंका लागल्या तर या" असंही सांगितलंस. मी काव्यच घ्यायला आले होते. पण माझी पाळी आली तेव्हा तोंडातून 'तर्कशास्त्र' निघालं. घरी जाऊन वडिलांना काय सांगायचं याची काळजी मला बसमध्ये बसल्यावर सुरू झाली.

विद्यापीठ अख्ख्या गावाएवढं, विभागाची इमारत मोठी, पण तर्काच्या वर्गात आपण तिघंच. तू, मी आणि वेंकटेश. वेंकटेश पंडितांच्या घराण्यातला, मुंज झाल्यापासून सूत्रं पाठ असलेला, सायकलवरून सोवळ्याचं धोतर सांभाळत येणारा. आपल्या दोघींशी तो बोलायचा नाही, आपल्या दोघींच्या मधल्या भिंतीशी बोलायचा. सकाळी बाकांवर परीक्षेपुरतं शिकायचं आणि दुपारी गुरुजींच्या घरी पडवीत, चटईवर, जुन्या पद्धतीने. गुरुजींना आपण सगळे तिथल्या रीतीने 'गुरुगळु' म्हणायचो. ते विभागातले सर्वांत कमी पगाराचे आणि सर्वांत जास्त दराऱ्याचे गृहस्थ.

त्यांचा एकच नियम होता. वाद घालायचा असेल तर आधी अनुवाद. हे भाषांतर नव्हे. समोरच्याने जे म्हटलं ते आपल्या शब्दांत, त्याच्याहून नीट, त्यालाच ऐकवायचं. तो "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणाला की मगच तोंड उघडून आक्षेप घ्यायचा. तो "नाही" म्हणाला तर पुन्हा अनुवाद. "अनुवाद माडि, आमेले मातु," आधी अनुवाद, मग बोलणं, असं म्हणून ते डोळे मिटून घ्यायचे. पहिले काही महिने आपल्यातला कुणीच आक्षेपापर्यंत पोचला नाही. वेंकटेशसुद्धा नाही. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेणं हे आयुष्यात किती कमी केलं आहे, ते तेव्हा कळलं.

सराव आपण अप्पांच्या कारखान्यात करायचो. कारखाना कसला, पुढे दुकान आणि मागे पत्रा ठोकायची जागा. तुझ्या घरात बसायला दुसरीकडे जागाच नव्हती. ट्रंकेवर बसून तू ओरडायचीस, ट्रंकेवर बसून मी ओरडायचे, आणि मधे हातोड्यांचा कल्लोळ. आपले आवाज कायमचे चढले ते तिथेच. पुढे नवरा मला म्हणायचा, "मालती, मी शेजारीच बसलोय." अप्पांना संस्कृत कळायचं नाही, पण वाद कुठे तापला हे बरोबर कळायचं. एकदा ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "नोडु, बघ सरू, तू त्या पोरीला बोलूच देईनास. गिऱ्हाईक पळालं तर पळू दे, पण तिचं ऐकून घे की."

आणि तुझं ते मत. त्याच ट्रंकांवर जन्मलं आणि मरेपर्यंत तू सोडलं नाहीस.

गुरुजी शिकवत होते की माणसाचा शब्द खरा केव्हा मानायचा. तर्काची पोथी म्हणते, आधी बोलणारा भरवशाचा आहे का ते पाहावं, मग त्याच्या शब्दाला प्रमाण मानावं. तू म्हणालीस, उलट आहे. शब्द कानावर पडतो आणि खरा वाटतो, आपोआप. संशय मागाहून येतो, काही खुपलं तर. तान्ह्या मुलाला आई 'हा चंद्र' म्हणते तेव्हा ते आईची परीक्षा घेतं का? अनोळखी माणसाला आपण वाट विचारतो आणि चालू लागतो, त्याचं कूळ विचारतो का? मी म्हणायचे, मनातल्या मनात विचारतोच. चेहरा पाहतो, कपडे पाहतो, वय पाहतो. इतक्या झटकन पाहतो की पाहिलं हे कळत नाही. तू म्हणायचीस, "जे कळतच नाही ते घडलं हे कशावरून ग?"

यावर तू जो उपाय काढलास तो तर्क शिकणाऱ्या माणसालाच सुचावा. प्रत्यक्ष पाहू या! दसऱ्याचे दिवस होते, गावात बाहेरची माणसं लोटली होती. आपण दोघींनी लष्कर मोहल्ल्यातच उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बन्नीमंटपाची, जिथे दसऱ्याची मिरवणूक संपते त्या जागेची, वाट विचारायची, आणि तो सांगण्याआधी आपल्याला न्याहाळतो का, आपण चालण्याआधी त्याला न्याहाळतो का, ते टिपायचं. आता बन्नीमंटप मोहल्ल्यातल्या शेळीलासुद्धा माहीत. आणि तू तिथलीच, जन्मल्यापासून. सायकलवाल्याने वाट सांगितली, फूलवालीने सांगितली. तू गंभीरपणे त्यांचे आभार मानून थोडं चालायचीस आणि परत यायचीस. शेवटी चाकांना धावा बसवणारे म्हातारे तरातरा अप्पांकडे गेले. "रावसाहेब, तुमच्या सरोजाचं डोकं फिरलंय. घरच्या वाटेवर उभी राहून वाट विचारतेय." तुझी आई, अव्वा, धावत आली, हातात लिंबू आणि मिरच्या. दृष्ट काढेपर्यंत तिने आपल्याला दारातून आत घेतलं नाही.

आत आल्यावर मी म्हणाले, "बघ, म्हाताऱ्याने तुझा शब्द खरा धरला नाही. तू कोण हे त्याला माहीत होतं, म्हणून संशय आला."

"म्हणजे आधी विश्वास, मग माहिती, मग संशय," तू म्हणालीस. "माझंच सिद्ध झालं, अल्वा?"

तुला हरवणं म्हणजे नाकी नऊ येणं. मला अजून वाटतं की तू चुकत होतीस. ते मी तुला शेवटपर्यंत सांगितलं आणि आजही सांगते. मेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर होतं असं म्हणण्याची रीत आहे. ती मी पाळणार नाही. तुझा तो सर्वांत मोठा अपमान झाला असता.

दुसऱ्या वर्षी माझ्या लग्नाचं निघालं. मुलगा पुण्याचा, नोकरी चांगली, त्यांना परीक्षेपर्यंत थांबायचं नव्हतं. माझे वडील कोपिष्ट नव्हते, पण त्यांचा शब्द शेवटचा असायचा. मी रडून डोळे सुजवून घेतले होते. तू घरी आलीस, ओसरीवर त्यांच्यासमोर उभी राहिलीस. मला वाटलं आता भांडण होणार. तू म्हणालीस, "काका, तुम्ही नाही म्हणा, हरकत नाही. पण आधी मालूचं म्हणणं काय आहे ते मला सांगा. तिला पटेल असं सांगा. मग नाही म्हणा."

वडील म्हणाले, "तिचं म्हणणं काय असणार? तिला शिकायचंय."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. नाही.

"तिला... लग्न करायचं नाही?"

मी पुन्हा मान हलवली. वडिलांनी आणखी एक-दोनदा प्रयत्न केला. आयुष्यभर मुलांची उत्तरं तपासलेला माणूस, पण स्वतःच्या मुलीला प्रश्नच विचारला नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं. शेवटी म्हणाले, "तूच सांग, मालती." मी सांगितलं. मला लग्न करायचं होतं, हाच मुलगा चालणार होता, पण परीक्षा देऊन. एवढंच. पुण्याला पत्र गेलं, ती माणसं थांबायला तयार झाली नाहीत, आणि वर्षभराने मला म्हैसूरचाच नवरा मिळाला, चांगला मिळाला. मी एम.ए. झाले ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी तोंडाने म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर "सुम्ने काहीतरी बोलू नको" म्हणाली असतीस. आता म्हणते. तू अडवू शकत नाहीस.

त्याच वर्षी ती सभा.

नवरात्रात एका संस्थेत पंडितांची सभा भरायची, अजून भरते. तिथे शिकून तयार झालेल्या विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून वाद करायला लावतात, जाणकार ऐकतात, चुकलं तर टोकतात. तिथे जो बसला तो शास्त्र शिकला. एम.ए.ची पदवी विद्यापीठ देतं, पण आपल्या गावात ही जागा विद्यापीठ देत नाही. गुरुजींनी स्वतः जाऊन तुझं नाव सांगितलं, वादात वेंकटेशच्या समोर बसायला. संस्थेचे लोक म्हणाले, बाई कधी बसलेली नाही. गुरुजी म्हणाले, शास्त्रात तसं कुठे लिहिलंय ते दाखवा. ते दाखवू शकले नाहीत, तेव्हा त्यांनी वेंकटेशला विचारलं. वेंकटेश म्हणाला, "सोतरू अवमान, गेद्दरू अवमान." हरलो तरी अपमान, जिंकलो तरी अपमान.

मग त्यांनी युक्ती काढली. दोघी मुलींचा सत्कार करायचा! मी प्रार्थना म्हणायची, तुला शाल द्यायची, की झालं. मी प्रार्थनेला घसा बसल्याचं कळवलं, जो अप्पांच्या हातोड्यांनासुद्धा कधी बसला नव्हता. तू मात्र हो म्हणालीस, आणि मी खाली श्रोत्यांत बसले. नवी सुती साडी नेसून, अव्वाने ओवलेला मल्लिगेचा गजरा माळून व्यासपीठावर चढलीस. अध्यक्ष शाल उलगडून पुढे आले आणि तू दोन्ही हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणालीस, "शालु बेड. एदुरिगे ओब्बरन्न कूरिसि." शाल नको, समोर कुणाला तरी बसवा.

सभा दगड झाली होती. अध्यक्षांच्या हातात उघडी शाल तशीच. तू थोडा वेळ उभी राहिलीस, खरंच कुणी उठतंय का ते पाहत. पहिल्या रांगेत वेंकटेश होता, तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला. मग तू खाली उतरलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस.  बाहेर आल्यावर तू रडलीस का, असं पवित्राने मला परवा विचारलं. नाही. बाहेर आल्यावर तू मसाला डोसा मागवलास आणि चटणी दोनदा घेतलीस.

पुढची सगळी वर्षं तू मुलींच्या कॉलेजात शिकवलंस, लग्न केलं नाहीस, आणि ते मत संस्कृतात सविस्तर लिहून काढलंस, छापलंस, जिथे पाठवायचं तिथे पाठवलंस. काय आलं उत्तरात? 'अभ्यासपूर्ण.' 'स्तुत्य प्रयत्न.' 'स्त्री असूनही.' शाली तर इतक्या आल्या की अव्वाने त्यांची पांघरुणं केली. खोडून मात्र कुणी काढलं नाही. तू एकदा मला म्हणालीस, "मालू, शास्त्रात ज्याला खोडत नाहीत ना ग, तो जन्मलेलाच नसतो. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." तेव्हा प्रथमच तुझा आवाज खाली आला होता, आणि मला तुझ्यासाठी सगळ्या गावाशी दोन हात करावेसे वाटले. खोडणारी मी होतेच. पण मी मैत्रीण. मैत्रिणीचा आक्षेप पडवीत राहतो, सभेत पोचत नाही.

मी तुला एकदा फार टोचून बोलले होते, तेही आठवतं. म्हणाले, तुझं आयुष्यच तुझ्या मताविरुद्ध साक्ष देतंय. त्या कारकुनाने तुझा शब्द ऐकला का? आधी विचारलं, कुणाची मुलगी. सभेनेही तेच केलं. आधी माणूस पाहिला, मग शब्द टाकून दिला. तू मग म्हणालीस, "त्यांनी ऐकलं ग. ऐकलं, खरं वाटलं, म्हणूनच तर घाबरून विचारलं, कुणाची मुलगी."  

इस्पितळातलं शेवटचं बोलणंही भांडणच. मेटगळ्ळीच्या रस्त्यावरचं ते मोठं इस्पितळ, खिडकीतून कारखान्यांची छपरं दिसायची. डॉक्टरांनी थोडे दिवस राहिले म्हणून सांगितलं. मी म्हणाले, दुसऱ्याला दाखवू, हा फारच कोवळा वाटतो. तू हसलीस. नळ्या लावलेल्या होत्या तरी हसलीस. "अय्यो, बघ, तू आधी माणूस पाहतेस. मी आधी शब्द ऐकला. आणि तो खरा आहे, मला माहिताय." मी उठून खिडकीपाशी गेले. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. मागून तू म्हणालीस, "मालू, मी गेल्यावर शाल घेऊन येतील ते. घेऊ नको हं."

आले, सरोजा. त्याच संस्थेतले आले. माणसं बदललेली, सगळी सभ्य, मोबाइलवर तुझा फोटो दाखवणारी. शोकसभा करायची, मरणोत्तर पदवी द्यायची, 'तर्कातली' काहीतरी, आणि शाल. मला म्हणाले, तुमच्या मैत्रिणीच्या वतीने तुम्ही स्वीकारा आणि दोन शब्द बोला. मी येते म्हणाले. शालीचं काही म्हणाले नाही.

काल सभागृह भरलं होतं. तुझ्या विद्यार्थिनी पुष्कळ आल्या होत्या, काही आता आज्या झालेल्या. वेंकटेश व्यासपीठावर, खुर्चीत. आता तो विद्वान, त्याच्या नावापुढे इतक्या पदव्या लागतात की निवेदिकेला मधे श्वास घ्यावा लागला. गुडघे दुखतात त्याचे, काठी घेऊन आला होता. भाषणं झाली. तू प्रेमळ होतीस, तू साधी होतीस, तू हसतमुख होतीस. शांतही होतीस!  मग माझं नाव पुकारलं, अध्यक्षांनी शाल पुढे केली. मी ती घेतली नाही. मायक्रोफोनपासून बाजूला झाले आणि खाली, व्यासपीठाच्या सतरंजीवर, मांडी घालून बसले. या वयात खाली बसणं सोपं नाही, हे तुला सांगायला नको.

आणि संस्कृतात सुरू केलं. तुझं मत. तुझं, माझं नव्हे. ज्याच्याशी मी अख्खं आयुष्य भांडले ते मत, पहिल्यापासून, तू मांडायचीस त्या क्रमाने. शब्द आधी खरा वाटतो, संशय मागून येतो. मी काय बोलते आहे ते पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला कळत नव्हतं, पण आवाज पोचत होता, हातोड्यांच्यावर चढवलेला आवाज. माझ्या आक्षेपांना तू जी उत्तरं द्यायचीस ती मी दिली. माझ्याच तोंडाने मी मला खोडलं. मला कसं वाटलं विचार. तू समोर असतीस तर "आता पटलं का?" म्हणून मला भंडावून सोडलं असतंस. नाही पटलं. पण बोलायला फार आवडलं.

संपवलं आणि समोर पाहिलं.  अध्यक्ष घड्याळ बघत होते, निवेदिका पुढे सरकली, "धन्यवाद, मॅडम..." मी हलले नाही. मी म्हणाले, "प्रतिवादी नाही का कुणी?" मला वाटलं झालं, पुन्हा तेच. पुन्हा ही सभा दगड होणार आणि मी एकटी म्हातारी सतरंजीवर बसलेली राहणार.

तेवढ्यात काठी वाजली. वेंकटेश खुर्चीतून उठत होता. कुणीतरी आधार द्यायला धावलं, त्याने हात झटकला. एक हात खुर्चीवर, एक काठीवर, असा तो कण्हत खाली आला आणि माझ्या समोर बसला. माझ्याकडे पाहून, भिंतीकडे नव्हे. म्हणाला, "सरोजाबाईंचं म्हणणं असं आहे," आणि अनुवाद सुरू केला.

तुझं नाव घेऊन, सभेत, शास्त्राच्या रीतीने. मला तिथेच हुंदका आला असता. पण त्याने अनुवाद चुकवला! म्हणाला, तिच्या मते शब्द नेहमी खरा असतो. मी म्हणाले, "नाही. खरा असतो असं ती म्हणत नाही. खरा वाटतो असं म्हणते." त्याने डोळे मिटले, गुरुजी मिटायचे तसेच, आणि पुन्हा सुरुवातीपासून मांडलं. या वेळी नीट. खरं सांगू? मी मांडलं होतं त्याहून नीट. मागच्या रांगेत तुझ्या विद्यार्थिनी उभ्या राहून बघत होत्या. मी म्हणाले, "हो. हेच तिचं म्हणणं."

मग त्याने आक्षेप घेतला. मला वाटलं माझाच जुना आक्षेप येणार, चेहरा पाहतो वगैरे. त्याचं उत्तर तू मला शिकवून ठेवलं होतंस. तो नाही आला. तो म्हणाला, दोन अनोळखी माणसं एकाच वेळी दोन उलट वाटा सांगतात. एक म्हणतो डावीकडे, एक म्हणतो उजवीकडे. तुमच्या मते दोन्ही शब्द आधी खरे वाटले पाहिजेत. पण दोन्ही एकाच वेळी खरे वाटूच शकत नाहीत. म्हणजे तिथे संशयच आधी आला. सांगा.

सरोजा, हा आक्षेप आपल्याला कधी सुचला नाही. मला नाही आणि तुलाही नाही. इतकी वर्षं ट्रंकांवर बसून घसे फोडले आणि हा समोर असून दिसला नाही.  सभागृहात सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला, तुझ्या शोकसभेत, हसू आलं. त्याला वाटलं मी हरले. त्याने हात जोडले. मी म्हणाले, "थांबा. मी हरले नाही, मला उत्तर येत नाही. पण सरोजाचं हरणं माझ्या नापास होण्यावर अवलंबून नाही. मला वेळ द्या."

तो म्हणाला, "तगोळ्ळि." घ्या. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आग तगोंडिद्दु नानु." तेव्हा, त्या नवरात्रातल्या सभेत, वेळ मी घेतला होता.

रविवारी तो माझ्या घरी येतोय, उत्तर ऐकायला. पवित्राही येते म्हणाली, तिला एवढं कळलंय की आत्यावर कुणीतरी काहीतरी म्हटलंय आणि त्याला चोख जबाब द्यायचाय. कालपासून मी याच कामाला लागले आहे. दुसरा शब्द कानावर पडेपर्यंत पहिला खरा वाटून गेला होता का? दोघं अगदी एकदम बोलू शकतात का? इथे काहीतरी आहे, हाताशी येतं आणि सुटतं. तू असतीस तर आत्तापर्यंत मिळालं असतं. तू नाहीस, तर मी शोधेन, आणि तुझ्या मताशी असहमत राहून शोधेन. तू एवढंच ऐक. तुझ्यावर आक्षेप आलाय, सरोजा. भर सभेत, तुझं नाव घेऊन, चांगला कडक आक्षेप आलाय.